चाकाच्या कमानीवरचे गंजाचे फोड आणि ते काढणारं बॉडीशॉप

आधी निकाल सांगून टाकते. काम चांगलं झालं, पाचपैकी चार तारे. रंग उत्तम जमलाय, त्याबद्दल तक्रार नाही. एक तारा कापलाय तो पत्र्याच्या आतल्या अंगासाठी. मी आठवण केली नसती तर ते तसंच राहिलं असतं.

बॉडीशॉपचं नाव मुद्दाम देत नाही. त्याच दुकानात उद्या दुसरा कारागीर हाताला लागला तर काम वेगळं होईल, आणि तुमच्या जवळच्या दुकानात याहून बरा माणूस बसलेला असू शकतो. काय बघायचं आणि काय विचारायचं ते कळलं की पुरे.

गाडी चौथ्या वर्षात आहे. करडा मेटॅलिक रंग. उजव्या मागच्या चाकावर जी कमान असते, तिची कड आत वळलेली असते. त्या कडेच्या जरा वर तीन फोड आले. सगळ्यांत मोठा ५ मिलिमीटरचा, बाकीचे दोन त्याहून बरेच लहान. गाडी पुसताना बोटाला लागले म्हणून कळलं, नुसत्या डोळ्यांना दिसले नसते. रंग कुठेही फुटलेला नव्हता. आणखी एक जागा डिकीच्या झाकणाच्या खालच्या कडेला आहे, तिच्याबद्दल पुढे येईलच.

माझी सगळी नोकरी एका प्लेटिंग कारखान्याच्या तपासणी खात्यात गेली. जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट, पट्ट्या, बिजागऱ्या मिठाच्या फवाऱ्याच्या पेटीत ठेवायच्या. ५ टक्के मिठाचं पाणी, ३५ अंश सेल्सिअस तापमान, आणि वहीत नोंदी: पांढरा गंज कधी दिसला, लाल कधी. रंगवलेली पट्टी असेल तर तिच्यावर आधी धारदार टोकाने फुली मारायची, आणि मुदत संपली की त्या फुलीच्या दोन्ही अंगांना रंग किती मिलिमीटर सुटलाय ते खरवडून मोजायचं. खरवडायच्या आधी पट्टी बरी दिसायची, खरवडल्यावर भलतीच निघायची. त्यामुळे गाडीवरचे फोड बघून मी हबकले नाही, आणि "एवढंसं तर आहे, पुढच्या वर्षी बघू" असंही म्हटलं नाही.

पहिली चक्कर अर्थातच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. तिथे वॉरंटीचा कागद पुढे आला. गंजाची वॉरंटी बहुतेक ठिकाणी दोन भागांत असते. एक पृष्ठभागावरच्या गंजाची, ती थोड्या वर्षांची. दुसरी पत्र्याला भोक पडण्याची, ती भरपूर वर्षांची, आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरांत हीच असते. तिची अट अशी की गंज आतून निघून पत्रा आरपार गेलेला पाहिजे. माझे फोड बरोबर या दोन्हींच्या फटीत पडले. पहिलीची मुदत संपलेली, दुसरीसाठी पत्रा अजून शाबूत. म्हणजे भोक पडलं की या. काउंटरवरच्या मुलाने हे इतकं उघड म्हटलं नाही, त्याने "दगड लागल्याने झालेलं बाहेरचं नुकसान" असं लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी फोडांचे फोटो तारखेसह त्यांच्या नोंदीत चढवून घेतले. काही कंपन्या दरवर्षी बॉडी तपासून पुस्तकात शिक्का घेण्याची अटही घालतात. तुमच्या पुस्तकात तसं पान असेल तर ते कोरं ठेवू नका, पुढे भांडायची वेळ आली तर तेवढंच हाताशी असतं.

मग बॉडीशॉप. एकाने फोडावरून बोट फिरवलं आणि "संध्याकाळी घेऊन जा" म्हणाला. घासणार, पुट्टी लावणार, रंग मारणार. दुसऱ्याने उभ्याउभ्या सांगितलं की कमान कापायची आणि नवा पत्रा वेल्ड करायचा. दोघांपैकी एकानेही चाकामागे डोकं घालून बघितलं नाही.

मी ज्यांच्याकडे काम दिलं त्यांच्या फोरमनने आधी रंगाची जाडी मोजायचा मीटर काढला. दारं, बॉनेट, मागची दोन्ही अंगं, सगळीकडे टेकवून बघितला. आकडे ११० ते १३५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मधे, फोडांच्या आजूबाजूलाही तेच. कारखान्यातून आलेल्या रंगाचे आकडे साधारण १०० ते १५० च्या आत असतात. पुन्हा रंगवलेलं पॅनल २०० च्या पुढे जातं, आणि खाली पुट्टी असेल तर आकडा कितीही वर जाऊ शकतो. हे का बघायचं? नवी गाडीही वाहतुकीत किंवा यार्डात ठोकली जाऊ शकते आणि ताब्यात मिळण्याआधीच गुपचूप रंगवली जाऊ शकते. तसं असतं तर फोड घाईच्या दुरुस्तीचे निघाले असते, आणि कंपनीशी माझं बोलणं वेगळ्या सुरात झालं असतं. इथे रंग कारखान्याचाच होता.

त्यानंतर तो जे म्हणाला त्यावर मी काम देऊन टाकलं. "ताई, आधी चाकाचं आतलं अस्तर काढू. मागून काय आहे ते बघितल्याशिवाय मी आकडा सांगणार नाही."

अस्तर म्हणजे चाकाच्या आत बसवलेलं काळं प्लास्टिक. ते निघालं आणि कमानीच्या वळलेल्या कडेत ओली माती खच्चून भरलेली दिसली. गळवावर पोटीस बांधावं तशी ती तिथे बसून होती. बाहेरून गाडी वाळली तरी ही माती वाळत नाही, आणि रस्त्यावरचं मीठ, कचरा, कुजलेली पानं सगळं धरून ठेवते. प्लास्टिकचं अस्तर पत्र्याला दगडांपासून वाचवतं खरं, पण त्याच्या वरच्या काठावरून माती आत गेली की बाहेर यायला वाट नसते. माती काढून, धुऊन, वाळवून आतून दिवा लावला. आतला रंग शाबूत होता, फक्त कडेच्या घडीत एका जागी तांबूस रेघ. म्हणजे गंज बहुतेक कडेवरून चालू झाला होता आणि बाहेरच्या रंगाखालून वर सरकत होता. आतल्या अंगाला पत्रा फुगलेला किंवा पापुद्रे सुटलेला असता तर कापण्यावाचून इलाज नव्हता. तेव्हा दुसऱ्या दुकानदाराचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, त्याने ते न बघता म्हटलं इतकंच.

आता हे फोड येतात कसे ते सांगते, कारण पुढचं काम बरोबर की चूक हे त्याशिवाय कळणार नाही. आजच्या गाडीच्या पत्र्यावर थर असतात ते असे: आधी जस्त, १० मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून कमी. त्यावर फॉस्फेटचा अगदी पातळ थर, रंग धरून ठेवण्यासाठी. मग अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने चढवलेला ई-कोट, साधारण २० मायक्रॉन. तो १६० ते १८० अंशांच्या भट्टीत भाजतात. वर प्रायमर, रंग आणि चमक देणारा पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून एक दशांश मिलिमीटरच्या जरासं पुढे. गंजाशी खरी लढाई खालचे तीन थर लढतात, वरचे दोन दिसण्यासाठी आणि उन्हासाठी.

ई-कोट टाकीतून निघतो तेव्हा सगळीकडे सारखा असतो. भट्टीत तो पातळ होऊन वाहतो आणि धारदार कडेवरून मागे सरतो. म्हणून कापलेली कड, घडी, वेल्डिंगचे ठिपके या जागा नव्या गाडीतही कच्च्या असतात. चाकाची कमान ही तर नुसती कडच, आणि तिच्यावर दिवसभर खडी उडते. एक बारीक खडा पत्र्यापर्यंत पोचला की पाणी आणि हवा आत जायला तेवढी वाट पुरते. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, त्याचा गंज पांढरा. जस्त संपलं की लाल. त्यातच रंगाच्या काठाखाली जिथे प्राणवायू पोचतो तिथे पाणी अल्कधर्मी होत जातं आणि रंगाची पकड सुटते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो, मग सुटलेला रंग वर उचलला जातो. आपल्याला दिसतो तो फोड. रंगाची पकड त्याच्याही पलीकडे सुटलेली असते.

फोड फोडायच्या दिवशी मी तिथे उभी होते. परवानगी घेऊन, आणि गॉगल लावून. पेंटरने ब्लेडच्या टोकाने मोठा फोड उघडला. मधे तपकिरी, भोवती पांढरी भुकटी. माझ्या वहीतल्या नोंदीच जणू पत्र्यावर. त्याने ब्लेड आडवं धरून रंग उचलायला सुरुवात केली आणि जिथवर तो सहज निघत गेला तिथवर काढत गेला. ५ मिलिमीटरच्या फोडाखालून जवळजवळ तळहाताएवढी जागा मोकळी झाली, आणि तिन्ही फोड खालून एकच निघाले. संध्याकाळी गाडी परत देणाऱ्या दुकानात नेमकं हेच झालं नसतं. फोडापुरतं घासलं असतं, सुटलेला रंग भोवती तसाच राहिला असता, आणि नव्या रंगाच्या काठाला पुन्हा फोड उठले असते.

गंज काढायला त्यांनी आधी ग्राइंडरवर तारेचा ब्रश लावला. मला ते पटलं नाही आणि मी तसं म्हटलंही. तारेचा ब्रश गंजाला चकाकी आणतो. पत्र्यात पडलेल्या बारीक खड्ड्यांमधला गंज निघत नाही, दाबला जातो, आणि वरून सगळं चांदीसारखं दिसतं. फोरमन वाद न घालता छोटी ब्लास्टिंगची गन घेऊन आला. बारीक वाळूसारखे कण हवेच्या दाबाने मारतात, ते खड्ड्याच्या तळाशी जातात. इथे हात हलका हवा. बाहेरचा पत्रा ०.७ मिलिमीटरच्या आसपास असतो, एका जागी जोर केला तर तापून, ठोकला जाऊन लाट येते. पेंटरचा हात हलका होता. खड्डे राखाडी झाले, काळे ठिपके थोडे उरले.

त्या उरलेल्या ठिपक्यांवर रस्ट कन्व्हर्टर. ही बाटली बरेच जण घरी आणून थेट फोडावर ओततात, म्हणून दोन शब्द. त्यात बहुधा फॉस्फोरिक आम्ल असतं किंवा टॅनिक आम्ल, काहींत दोन्ही. लोखंडाच्या गंजाचं त्यातून फॉस्फेट किंवा काळपट टॅनेट होतं, ते स्थिर असतं. पण औषध पातळ, घट्ट बसलेल्या गंजापुरतंच काम करतं. जाड पापुद्र्यावर ओतलं की वरचा थर काळा होतो आणि खालचा तसाच जिवंत राहतो. चांगल्या जस्तावर गेलं तर जस्त खातं. आणि आम्ल धुऊन न काढता वर इपॉक्सी प्रायमर (पाणी अडवणारा पहिला थर) मारला तर तो नीट पकडत नाही. इथे बारीक ब्रशने फक्त ठिपक्यांवर लावलं, बाटलीवर लिहिलेला वेळ दिला, धुतलं, गरम हवेने वाळवलं, मग सॉल्व्हंटने पुसलं. घाई झाली नाही. या टप्प्याला पूर्ण गुण.

इपॉक्सी प्रायमर त्याच दिवशी पडला. हे महत्त्वाचं. उघडा पत्रा दमट हवेत रात्रभर राहिला तर सकाळी त्यावर पिवळसर झाक असते, आणि नुसत्या बोटाच्या घामानेही ठसे गंजतात. काम टप्प्याटप्प्याने करणाऱ्या दुकानात गाडी उघड्या पत्र्यानिशी उभी राहते, मधे सुट्टी येते, आणि मग वरून सगळं झाकलं जातं. तुम्हाला एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: पत्रा उघडा केल्यापासून इपॉक्सी पडेपर्यंत किती तास? दुसरा प्रश्न, प्रायमर एका डब्यातला की हार्डनर, म्हणजे थर कडक करणारं दुसरं द्रव्य, मिसळलेला? एका डब्यातला साधा प्रायमर सच्छिद्र असतो, पाणी त्यातून जातं. पुट्टीही पाणी शोषते, म्हणून ती इपॉक्सीच्या वर हवी, उघड्या पत्र्यावर नको. यांनी इपॉक्सीनंतर खड्ड्यांपुरती पुट्टीची पातळ फेर दिली. कडेच्या घडीत, जिथे तांबूस रेघ होती तिथे, साफ करून सीम सीलर, म्हणजे जोड बुजवणारा लेप, भरला. ही जागा दिसत नाही आणि बिलातही तिची वेगळी ओळ नसते. तरी केली.

रंगाबद्दल फार लिहीत नाही, तिथे हे लोक मुळातच चांगले आहेत. करडा मेटॅलिक रंग जुळवणं अवघड, कारण त्यातले कण गनच्या अंतरावर आणि दाबावर वेगळे बसतात. एकच कोड असून छटा निराळी दिसते. त्यांनी आधी नमुन्याच्या पत्र्यावर मारून उन्हात धरून बघितलं, रंग शेजारच्या दारात विरत नेला आणि क्लिअर दोन्ही पॅनलवर पूर्ण दिला. मागचं अंग छतापर्यंत अखंड असतं, त्यात जोड नाही. क्लिअर मधेच कुठेतरी छताच्या खांबावर विरवला तर काही वर्षांनी त्या रेषेवर साल निघायला लागते. मी विचारलं, क्लिअर कुठे थांबवणार? छताच्या पट्टीच्या खाचेत, असं उत्तर आलं, आणि तसंच केलं. बूथमधे ६० अंशांवर वाळवलं. कारखान्याच्या भट्टीचं तापमान तयार गाडीला देता येत नाही, प्लास्टिक आणि वायरिंग टिकणार नाही. म्हणून दुरुस्तीचा रंग हार्डनरवर अवलंबून असतो, आणि कितीही मन लावून केला तरी त्या जागी कारखान्याचं जस्त आणि ई-कोट परत येत नाही. हे फोरमनने आपणहून सांगितलं. दारावर धुळीचा एक कण बसला होता, तो पॉलिश करताना गेला. कमानीच्या खाली नारंगीच्या सालीसारखा पोत जरा जास्त आहे, पण ते मलाच दिसतं.

इथपर्यंत पाच तारे होते.

गाडी न्यायला गेले तर आतलं अस्तर बसवून तयार. मी विचारलं, आत मेण मारलं का? फोरमनने पेंटरकडे बघितलं, पेंटरने दुसरीकडे. मारलं नव्हतं. कॅव्हिटी वॅक्स म्हणजे पोकळ्यांमधे फवारायचं मेण. ते घडीत, जोडांत झिरपतं, मऊ राहतं आणि पाणी बाजूला सारतं. ते रंगकाम पूर्ण झाल्यावरच मारायचं असतं, आधी मारलं तर रंगाला खड्डे पडतात. म्हणूनच ते राहून जातं: गाडी चकाचक झालेली, गिऱ्हाईक दारात उभं, आणि आता परत अस्तर कोण काढणार! पण नेमकं जे आतल्या अंगाकडून आलेलं दुखणं, त्याच्या आतल्या अंगाला काहीच न करता गाडी द्यायची, हे मला मान्य नव्हतं. अस्तर पुन्हा काढायला लावलं. लांब नळी आणि चहूबाजूंनी फवारणारं टोक घेऊन त्यांनी कमानीच्या मागे आणि दाराखालच्या उंबऱ्याच्या पोकळीत, आधीपासून असलेल्या रबरी बुचांच्या भोकांतून मेण मारलं. नवी भोकं पाडली नाहीत, ते ठीक. कारण नवं भोक म्हणजे गंजाला नवी कड.

दुसऱ्या दिवशी मी वाकून खालची निचऱ्याची भोकं बघितली, तर दोन मेणाने बुजलेली. प्लास्टिकच्या काडीने मोकळी केली. निचरा बंद असेल तर मेण मारून उपयोग काय, पाणी आतच साठेल. अस्तराच्या क्लिपांपैकी काही जुन्याच, मोडक्या दातांच्या लावल्या होत्या. बदलून मागितल्या, दिल्या. ठरलेला दिवसही टळला होता, पण रंग जुळवण्यात वेळ गेला म्हणून त्याची तक्रार करत नाही.

बिलावर नुसतं "पॅनल पेंट" लिहिलं होतं. मी वापरलेला प्रायमर, सीलर, क्लिअर आणि मेण यांची नावं मागे हाताने लिहून घेतली, सही-शिक्क्यासह. उद्या पुन्हा काही उठलं तर कशावर काय आहे ते माहीत असावं.

आणखी एका गोष्टीसाठी अर्धा तारा कापावा की काय, असं वाटलं होतं. बिलाच्या काउंटरवर बॅटरीला जोडायची एक डबी विकायला ठेवली होती, गंज "इलेक्ट्रॉनिक पद्धतीने" थांबवणारी. जहाजाच्या तळाला आणि जमिनीखालच्या नळांना विजेच्या प्रवाहाने गंजापासून वाचवतात हे खरं आहे. पण जहाज पाण्यात असतं आणि नळ मातीत, प्रवाहाचं वर्तुळ त्या पाण्यातून आणि मातीतून पुरं होतं. गाडी हवेत उभी असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० च्या दशकातच अशा एका यंत्राच्या विक्रेत्यावर खोट्या दाव्यांबद्दल कारवाई केली होती. आत इतकं नेटकं काम करणाऱ्या माणसांनी बाहेर हे विकावं, याचं वाईट वाटलं. फोरमनला विचारलं तर तो हसला, "ताई, ते मालकांचं." म्हणून तारा शाबूत ठेवला.

पावसाचे दिवस आता गेले. कमानीवर मीटर टेकवला तर आकडे २२० ते २६० च्या मधे. यातून दोन गोष्टी कळतात, रंग पुरेसा आहे आणि पुट्टीचा ढीग नाही. कडेवरून बोट फिरवलं, रात्री आडवा दिवा धरून बघितलं, सपाट आहे. एवढ्यावर कायमचं बरं झालं म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. अस्तर काढून कडेतली माती धुणं हे मी आता सर्व्हिसच्या कामांच्या यादीत घातलंय. प्रेशर वॉशरचं टोक मात्र कडेपासून लांब ठेवते, जवळून मारलं तर तो फवाराच रंगाचा काठ उचलतो. बॉनेटवर खडीचे टिपके पडतात ते मी घरीच भरते: टिपक्यापुरतं साफ करायचं, थेंबभर प्रायमर, मग थेंबभर रंग. पत्रा अजून पांढरा किंवा राखाडी दिसतोय तोवरच हे जमतं. लाल झाला की दुकान गाठायचं. हार्डनर मिसळलेला क्लिअर घरी फवारायच्या फंदात पडू नका. त्यातले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतात, आणि साधा धुळीचा मास्क ते अडवत नाही.

आता डिकीचं झाकण. त्याच्या खालच्या कडेला बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो. त्या घडीत एक बारीक फोड आहे. मला वाटलं होतं, एका खेपेत तेही उरकेल. फोरमनने दिवा धरून बघितलं आणि काम घ्यायला नकार दिला. घडी उघडल्याशिवाय आतला गंज निघणार नाही, आणि उघडली तर पत्रा पुन्हा सरळ दुमडणार नाही. वरून रंगवून देता येईल, पण तो फोड परत येणार, आणि तेव्हा तुम्ही माझ्याकडेच येणार, असं म्हणाला. मिळणारं काम न घेता परत पाठवणारा माणूस मला आवडतो. खरं सांगायचं तर चौथा तारा त्याच उत्तराला दिलाय.

तेव्हा सध्या त्या घडीत मेण मारून ठेवलंय आणि फोडाभोवती पेन्सिलने रेघ ओढून फोटो काढलाय. रेघ ओलांडली की झाकण बदलायचं. सुटं झाकण घेताना त्यावरचा काळा थर खरा ई-कोट आहे की नुसता वाहतुकीपुरता प्रायमर, हे थिनरच्या बोळ्याने चोळून बघता येतं. बोळ्याला रंग लागला तर तो थर पूर्ण काढून पुन्हा इपॉक्सी द्यावा लागतो. काम पुन्हा इथेच देईन. फक्त या खेपेला, रंग झाल्यावर घडीत मेण मारायचं, ही ओळ अंदाजपत्रकातच लिहून घेईन.